‘बस’ म्हणजे नुसता प्रत्यय

प्रताप नगरातला कुठलाही पत्ता घ्या. प्लॉट नंबर अमुक, तमुक ले-आऊट, फलाण्या स्क्वेअरजवळ, रिंग रोड, नागपूर. घराची खूण पटवणारा जवळजवळ प्रत्येक शब्द इंग्रजी, आणि सांगणाऱ्याला आपण इंग्रजी बोलतोय याचा पत्ताही नाही. रेफ्रिजरेटर म्हणताना जीभ जराशी अडखळते, शब्द परका आहे हे कळतं. प्लॉट, बस, बँक, फी, पास, सेट हे शब्द मात्र एका दमात तोंडातून निघून जातात आणि कोणी त्यांना ‘तुम्ही कुठले?’ असं विचारत नाही. खरं तर या आखूड शब्दांचीच चौकशी करावी, कारण बहुतेकांनी लांबलचक मजल मारलेली असते.

सुरुवात प्लॉटपासूनच करू. नागपुरात आधी प्लॉट होतो, घर मग सवडीने. शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ जमिनीचा तुकडा. त्यापलीकडे त्याचं मूळ कोणाला सापडलेलं नाही. पुढे त्याची गाठ फ्रेंचमधल्या ‘कॉम्प्लो’ या शब्दाशी पडली, म्हणजे कटाशी, आणि प्लॉटला कारस्थान असाही अर्थ चिकटला. मग नाटक-कादंबरीचं कथानकही प्लॉट झालं. जमीन, कट आणि कथानक! नागपुरात प्लॉटचे कागद ज्याने एकदा नीट तपासून घेतलेत, त्याला हे तीन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात हे वेगळं सांगायला नको.

स्क्वेअरची गोष्ट याहून देखणी आहे. आपण बोलताना चौक म्हणतो, इंग्रजी पाटीवर त्याचा स्क्वेअर होतो. हे भाषांतर वरवरचं वाटतं, पण ते मुळापर्यंत खरं आहे. स्क्वेअरच्या पोटात लॅटिनचा ‘क्वात्तुओर’ म्हणजे चार हा आकडा आहे, आणि चौकाच्या पोटात संस्कृतचा ‘चतुर्’. हे दोन्ही आकडे एकाच आदिम शब्दाची लेकरं. ज्याने पहिल्यांदा चौकाचा स्क्वेअर केला त्याच्या मनात यातलं काहीही नसणार. आता ज्या चौकात तीनच रस्ते मिळतात त्यालाही आपण स्क्वेअर म्हणतो, तो भाग वेगळा.

लॉन हा शब्द तर नागपूरकरांनी पार आपला करून टाकलाय. ‘लॉन बुक झालं का?’ हा प्रश्न इथे लग्न ठरल्यावर येतो. लंडनमध्ये विचारला तर समोरचा गोंधळून पाहत राहील. मुळात जुन्या फ्रेंचमधला ‘लाँद’ म्हणजे रानातली मोकळी जागा किंवा माळ. इंग्रजीत त्याच्या शेवटचा ‘ड’ गळाला. कापून सारखं केलेलं गवत हा अर्थ अठराव्या शतकातला. आपण त्यात मांडव, बुफे, डीजे आणि दोन-अडीच हजार पाहुणे घातले आणि गवत असलंच पाहिजे ही अट काढून टाकली. शब्द असेच वाढतात, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

हे शब्द इतके आखूड का? जॉर्ज किंग्जली झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३५ मध्ये एक साधं निरीक्षण पुस्तकात मांडलं: जो शब्द जास्त वापरात, तो आखूड. नंतर अनेक भाषांमध्ये हे पडताळून पाहिलं गेलं. पण आखूड होण्याच्या वाटा दोन. काही शब्द हजारो वर्षं वापरून वापरून झिजले. काहींना लोकांनी सरळ कात्री लावली.

कात्रीवाल्यांचा म्होरक्या बस. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व, आणि ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. फ्रान्समधल्या नांत शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने १८२६ च्या सुमाराला सर्वांसाठी भाड्याची घोडागाडी सुरू केली आणि तिला हे नाव पडलं. ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानासमोर ती थांबायची, दुकानावर ‘ओम्नेस ओम्निबुस’ अशी श्लेषाची पाटी होती आणि तिथूनच नाव आलं, अशी खमंग गोष्ट सांगतात; तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. लंडनमध्ये १८२९ च्या जुलैत जॉर्ज शिलिबीअरने पॅडिंग्टन ते बँक अशी ओम्निबस धावती केली. इंग्रजांना पाच-सहा वर्षांतच एवढं लांब नाव जड झालं. त्यांनी पुढचा सगळा अर्थ कापून टाकला आणि शेपूट ठेवली. ती शेपूट म्हणजे लॅटिनचा चतुर्थीचा प्रत्यय. मराठीत ‘सर्वांना’ या शब्दातलं ‘सर्वां’ फेकून देऊन आपण ‘ना आली का?’ असं स्टॉपवर विचारावं, तसा हा प्रकार. नागपूर महापालिकेच्या शहर बससेवेचं नाव ‘आपली बस’ आहे. कापून टाकलेला ‘सर्वांची’ हा अर्थ नाव ठेवणाऱ्याने नकळत परत जोडला, हे मला फार आवडतं.

कॅबही कापलेलीच. मूळ फ्रेंच शब्द ‘कॅब्रिओले’, म्हणजे दोन चाकांची हलकी, उसळ्या मारत जाणारी घोडागाडी. आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली बकरी आहे. बकरीसारखी उड्या मारते म्हणून ते नाव. आपल्याकडचे रस्ते सिमेंटचे होण्याआधी हे मूळ कोणत्याही प्रवाशाला पटलं असतं. जिम म्हणजे ‘जिम्नेशियम’चा तुकडा, आणि ग्रीकमध्ये ‘जिम्नॉस’ म्हणजे नागडा, कारण ग्रीक पोरं कपडे उतरवूनच व्यायाम करत. जिमखाना मात्र आपल्या मातीतला. चेंडूच्या खेळाची जागा तो गेंदखाना. इंग्रजांना त्यातला ‘गेंद’ जिम्नॅस्टिकसारखा ऐकू आला आणि जिमखाना झाला, असं मानलं जातं.

शब्दांना अशी कात्री लावलेली सगळ्यांनाच रुचत नव्हती. जोनाथन स्विफ्टने, म्हणजे गलिव्हरवाल्यानेच, १७१० मध्ये ‘टॅटलर’ या पत्रात अशा तोडक्या शब्दांवर आगपाखड केली. त्याच्या रागाचा एक धनी होता ‘मॉब’. लॅटिनमधल्या ‘मोबिले वुल्गुस’ म्हणजे चंचल जमाव, या दोन शब्दांचा तो उरलेला तुकडा. स्विफ्ट हरला, मॉब जिंकला. तीनशे वर्षांनी त्याच ‘मोबिले’चं यंत्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आलं आणि त्यावरून मॉबही जमवता येऊ लागला.

आता झिजलेले शब्द. यांची गंमत अशी की ते इंग्रजीने कोणाकडून घेतलेले नाहीत, आणि तरी ते आपल्या घरातले निघतात. सर विल्यम जोन्स कलकत्त्यात न्यायाधीश होता. १७८६ मध्ये तिथल्या एशियाटिक सोसायटीपुढे त्याने सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच, बहुधा आता नष्ट झालेल्या भाषेतून आल्या असाव्यात. पुढे, भावाबरोबर परीकथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियमच मांडून दाखवला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कला तो थोडा आधीच दिसला होता. नियम असा: मूळ ‘प’ होता तिथे इंग्रजीच्या घराण्यात ‘फ’ आला, ‘द’ होता तिथे ‘ट’, आणि ‘ग’ होता तिथे ‘क’.

हे कळलं की शाळेतलं पाठांतर एकदम वेगळं दिसू लागतं. पाद म्हणजे फूट, पितृ म्हणजे फादर. द्वि म्हणजे टू, दश म्हणजे टेन, दंत म्हणजे टूथ. गो म्हणजे काऊ. बैलाच्या मानेवरचं जू आणि इंग्रजीतलं योक दोन्ही एकच. जू आलं ‘युग’ या संस्कृत शब्दावरून आणि त्यातला ‘ग’ योकमध्ये नियमाप्रमाणे ‘क’ झालेला दिसतो. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये आधी एक मुका ‘के’ असतो. प्रताप नगरापासून सीताबर्डीपर्यंतच्या सगळ्या शाळांमधली पोरं या ‘के’ला शिव्या देत मोठी झाली आहेत. तो ‘के’ सतराव्या शतकापर्यंत उच्चारला जायचा. संस्कृतमध्ये गुडघा म्हणजे ‘जानु’. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू. मुका ‘के’ त्या ‘जा’चाच भाऊ आहे. ‘नो’ म्हणजे जाणणे, यातल्या मुक्या ‘के’चंही तसंच: ‘ज्ञा’ धातू, आपलं जाणणं. मुलांना स्पेलिंग शिकवताना शिक्षकांनी आजानुबाहू एकदा उभा करून पाहावा. तो ‘के’ मग विसरला जात नाही.

शिकवणी वर्गांच्या पाट्यांवर ‘फी’ हा शब्द दिसतो, तो वळसा घालून आला, तरी मूळ याच नात्यातलं. जर्मन घराण्यातल्या जुन्या भाषांत ‘फेहू’ म्हणजे गुरंढोरं. तिथून फ्रेंचमार्गे जहागिरीचा आणि मोबदल्याचा अर्थ घेऊन फी इंग्रजीत आली. ‘प’चा ‘फ’ होतो हा नियम उलटा लावा, म्हणजे ‘पशु’ हाती लागतो. लॅटिनमध्येही गुरांना ‘पेकुस’ आणि पैशाला ‘पेकुनिया’ म्हणत. आपल्याकडे गोधन हा शब्द आहेच. तेव्हा आईबाप दहावीच्या क्लासला भरतात ती मुळातली गुरंच, दोन किंवा तीन हप्त्यांत.

मात्र इथे हात आवरायला हवा. एक-दोन शब्द जुळले की ‘सगळी इंग्रजी संस्कृतातून आली’ म्हणत सुटणारे विद्वान आपल्या प्रत्येक ग्रुपवर असतात. इंग्रजी संस्कृतातून आलेली नाही. दोघी एकाच आजीच्या नाती. आणि नुसतं साम्य पुरावा ठरत नाही. मराठीतच पाहा: ‘खाली बस’ मधलं बस संस्कृत ‘उपविश’ वरून, ‘आता बस झालं’ मधलं बस फारसीतून, आणि ‘बस चुकली’ मधली बस लॅटिन प्रत्यय. तिन्ही हुबेहूब सारखे आणि एकमेकांचे कोणी लागत नाहीत. उलट चतुर् आणि क्वात्तुओर ऐकायला लांबचे आणि सख्खे. भाषेचे अभ्यासक म्हणून साम्य बघत नाहीत, नियमाने होणारा फरक बघतात.

दुसरा रोग आद्याक्षरांचा. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ असा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी ज्ञानाच्या थाटात येतो. न्यूज म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी; आणि न्यू म्हणजे आपलं नव. वेटरला देतो ती टिप म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ हीसुद्धा थापच. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितली तर शंभरातल्या नव्वद वेळा ती नंतर रचलेली असते.

पण एक अपवाद आहे आणि तो नेमका सगळ्यात अविश्वसनीय वाटणारा. ओके. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये वर्तमानपत्रवाल्यांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं करण्याचं खूळ लागलं होतं. ‘ऑल करेक्ट’चं त्यांनी थट्टेने ‘ओ’ आणि ‘के’ ने सुरू होणारं अशुद्ध रूप केलं, आणि २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ओके छापून आलं. असले विनोद वर्षभरात विरतात. हा वाचला, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते, ते किंडरहूक गावचे, आणि ‘ओल्ड किंडरहूक’ या त्यांच्या टोपणनावाचंही ओकेच होत होतं. व्हॅन ब्युरेन हरले, ओके राहिलं. ॲलन वॉकर रीड या संशोधकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हा सगळा माग काढला. तोवर यावर डझनभर कथा फिरत होत्या.

आखूड शब्दांचं आणखी एक लक्षण म्हणजे ते अर्थांनी फुगलेले असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सगळ्यात लांब होती, नंतरच्या दुरुस्तीत ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकलं. यात इंग्रजीचं विशेष काही नाही. मराठीतलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, वेड लागतं, दार लागतं, निकाल लागतो, आणि नागपुरात ऊन लागतं ते तर विचारूच नका. परक्याला हे शिकवायला बसा, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्याची दया येईल.

इंग्रजीने आपल्याकडून नेलेल्या आखूड शब्दांची यादी मोठी आहे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ चा कोश तेवढ्यासाठीच आहे. खाट इंग्रजांबरोबर बोटीवर चढली आणि कॉट होऊन परत आली. आता पत्र्याची ती कॉट आणि सुंभाची ती खाट, असे आपण एकाच शब्दाचे दोन संसार मांडलेत. चिठ्ठीची चिट झाली. परीक्षेत सापडते ती चिट, मामाची येते ती चिठ्ठी. लूट तशीच गेली आणि आता ‘सेल’च्या शेजारी बॅनरवर दिसते. शाम्पू म्हणजे चंपी: हिंदी ‘चाँपो’ वरून आलेला शब्द, पूर्वी अर्थ फक्त अंग रगडणं. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदने १८१४ च्या सुमाराला ब्रायटनला चंपीची न्हाणीघरं काढून तो इंग्रजांच्या अंगवळणी पाडला. केसांचं साबणपाणी हा अर्थ नंतरचा.

यात अस्सल मराठीचा वाटा विचाराल तर पहिलं नाव मुंगसाचं. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द मराठी मुंगूसवरूनच गेला, असं इंग्रजी कोशही सांगतात. त्याच्या शेवटी ‘गूस’ ऐकू येतं म्हणून काही इंग्रजी बोलणारे अनेकवचन हंसासारखं ‘मंगीस’ करू जातात आणि फसतात. त्यांना मराठी यायला हवी होती. दुसरं, लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात टांगलेली डंगरी. मुंबईच्या डोंगरी भागात मिळणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजी व्यापाऱ्यांच्या कागदांत त्या नावाने येतं. पुढे कापडाचं नाव कपड्याला चिकटलं.

सीताबर्डीच्या पुढे झिरो माइलचा खांब आहे. नाव दोनच शब्दांचं, पण त्यातला एक रोमहून आला आणि दुसरा निघाला इथूनच. रोमन सैनिकांची हजार दुहेरी पावलं म्हणजे ‘मिल्ले पास्सूस’, त्यातला हजार तेवढा उरला आणि माइल झाला. ‘शून्य’ अरबांनी अंकासह घेतलं आणि त्याचं भाषांतर केलं ‘सिफ्र’, म्हणजे रिकामं. इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ च्या आपल्या ग्रंथात त्याचं लॅटिन रूप ‘झेफिरुम’ केलं, इटालियनमध्ये ते घासून ‘झेरो’ झालं आणि सोळावं शतक संपता संपता इंग्रजीत पोचलं. त्याच सिफ्रचा दुसरा वंशज सायफर, गुप्तलिपी.

आणि मग ऑरेंज. या शब्दाने नागपूरला वेढूनच टाकलंय. मेट्रोची ऑरेंज लाइन वर्धा रोडने जाते, वर्धा रोडपासून जयताळ्याकडे ऑरेंज सिटी स्ट्रीट आखलाय, खामल्याच्या चौकात ऑरेंज सिटी हॉस्पिटल. संस्कृत ‘नारंग’, तोही बहुधा दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांतून आलेला. फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांजा. इथवर सुरुवातीचा ‘न’ शाबूत होता. इटालियन आणि फ्रेंचमध्ये तो गळाला, कारण त्यांचं उपपदही ‘न’ने संपतं, उपपदाचा ‘न’ कुठला आणि फळाचा कुठला हे ऐकणाऱ्याला कळेना. इंग्रजीला शब्द मिळाला तो आधीच नाक कापलेला.

इंग्रजीने मात्र हाच उद्योग दुसऱ्या शब्दांवर केला. मेडिकलची मुलं घालतात तो ॲप्रन पूर्वी ‘नॅप्रन’ होता, नॅपकिनचा भाऊ. ‘अ नॅप्रन’ वेगाने म्हणताना ‘अॅन ॲप्रन’ झालं. जामठ्याच्या मैदानावर उभा असतो तो अंपायर पूर्वी ‘नंपेअर’ होता. फ्रेंचमध्ये ‘नाँपेर’ म्हणजे ज्याची जोडी नाही असा, दोघांच्या भांडणातला तिसरा. निकनेममध्ये याच्या उलट झालं, तिथे ‘न’ फुकट मिळाला: ‘ईक नेम’ म्हणजे जास्तीचं नाव, उपपदाचा ‘न’ त्याला चिकटला.

ऑरेंज हे रंगाचं नाव इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला येतं, फळाच्या बरंच नंतर. त्याआधी ते लोक पिवळा-तांबडा म्हणून वेळ मारून नेत. रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी आहे, तरी त्याला ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात ते त्यामुळेच. आपल्याकडे केशरी, शेंदरी, भगवा असे शब्द फळाची वाट न पाहता तयार होते.

गंमत म्हणजे ज्या फळासाठी हे शहर ओळखलं जातं त्याला आपण नारिंग म्हणत नाहीच. आपण संत्रं म्हणतो. या नावाचा संबंध पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाशी जोडतात, त्यावर एकमत नाही. भोसले राजांच्या काळात, रघूजी दुसऱ्यांनी औरंगाबादहून रोपं आणून ते इथे लावलं असं सांगितलं जातं. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शास्त्राच्या हिशेबाने हे सैल सालीचं, हाताने सोलता येणारं फळ ‘मँडरिन’ या जातकुळीतलं. मँडरिन हा शब्द पोर्तुगीजांनी चिनी दरबारातल्या अधिकाऱ्यांसाठी वापरला. त्यांना तो मलायातून मिळाला, तिथे ‘मंतेरी’ म्हणत. आणि मंतेरी म्हणजे संस्कृतातला मंत्री. फळाला ते नाव का पडलं, तर अधिकाऱ्यांच्या पिवळ्या-केशरी झग्यांवरून, अशी एक अटकळ आहे.

तेव्हा १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं अधिवेशन हिवाळ्यात इथे भरतं आणि आंबिया बहाराची संत्री त्याच सुमाराला बाजारात असतात, याला शब्दांच्या बाजूने पाहिलं तर एकच मोसम म्हणायला हरकत नाही.